कुलूपकाका डॉट कॉमची राखण

उघडत नाही असं कुलूप माझ्या हातात अजून आलेलं नाही. बढाई वाटत असेल तर वाटू दे. गंजलेली, वाकलेली, किल्ली आत मोडून बसलेली, कुणी रागाच्या भरात डिंक ओतलेली, सगळी उघडून झाली. एकदा एका सासूबाईंचं कपाट उघडून दिलं आणि आत काहीच निघालं नाही म्हणून सासू आणि सून, दोघींच्याही शिव्या खाल्ल्या. सांगायचा मुद्दा काय, तर बंद असलेलं मोकळं करणं हा माझा धंदा आहे. तेव्हा एका वेबसाइटचं नाव आपणहून मोकळं व्हायचंय आणि ते आपल्याला उचलायचंय, एवढंसं काम मला जड जाईल असं कुणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. बायकोनं म्हटलं आणि मी हसलोच.

माझं दुकान एका शटरचं. समोर किल्ल्यांची भिंत, डावीकडे किल्ली कापायचं मशीन, उजवीकडे बायकोचं टेबल. पावत्या, फोन आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं ही खाती तिच्याकडे. गोड बोलायला धीर लागतो आणि तो मला देवानं दिलाच नाही. चहा गाळून होईपर्यंत मला थांबवत नाही. तार कुलपात गेली की हात शांत, तार बाहेर आली की परत चुळबुळ सुरू. मला सगळे कुलूपकाका म्हणतात, माझ्याहून मोठी माणसंसुद्धा. माझं खरं नाव फक्त बायकोला ठाऊक आहे आणि तेही तिला भांडतानाच आठवतं.

तर एके दिवशी नव्या वसतिगृहाचे मॅनेजर दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं.

"सगळ्या खोल्यांची कुलपं बसवायची आहेत. सगळ्यांना चालणारी एक मास्टर किल्ली आणि पुढं वर्षानुवर्षांची देखभाल. तुमचं काम चांगलं असतं असं ऐकलंय. वेबसाइटचं नाव सांगा, आमच्या संचालकांना दाखवायला लागतं."

बायकोनं तोंड उघडलं. मी तिच्याआधी बोललो, "कुलूपकाका डॉट कॉम. सध्या जरा काम चालू आहे. महिनाअखेरीनंतर बघा."

त्यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि गेले.

"आपली वेबसाइट आहे?" बायकोनं विचारलं.

"होईल."

"कधी?"

"अगं, नाव घेतलं की झाली. त्यात काय आहे?"

तिनं पावतीपुस्तक मिटलं. तिचं पावतीपुस्तक मिटणं म्हणजे काय ते नवरे मंडळींना सांगायला नको. पण मला दुसरीच काळजी होती. मॅनेजर रस्ता ओलांडताना समोरच्या दुकानाकडे बघत गेले होते. ते दुकान डिजिटलचं. आम्ही त्याच्या मालकालाही डिजिटलच म्हणतो. अंगठा लावला की उघडणारी कुलपं विकतो, काचेचं दार, थंडगार हवा, आणि वेबसाइट अशी चकचकीत की बघताना आपलंच तोंड दिसावं. हे काम मला मिळालं नाही तर त्याला मिळणार, हे उघड होतं. आणि ते त्याला मिळालं तर मला रोज शटर वर करताना त्याचं तोंड बघावं लागणार, हे त्याहून उघड होतं.

मेहुण्याला बोलावलं. बायकोचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरमधला आहे, म्हणजे घरात कुणाचाही मोबाइल बिघडला की त्याच्याकडून आणखी बिघडवून घेतात.

त्यानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "भाऊजी, हे नाव गेलेलं आहे."

"गेलेलं म्हणजे? कुलूपकाका मी आहे."

"दुसरे पण एक आहेत."

बघतो तर काय, पिवळ्या पानावर निळी अक्षरं, एका जुन्या पितळी कुलपाचा तिरका फोटो आणि खाली लेखच लेख. कुणी तरी निवृत्त गृहस्थ. कुलपं जमवायचे आणि त्यांच्यावर लिहायचे. पुतणे त्यांनाही कुलूपकाका म्हणत असत म्हणे. सगळ्यात वर चौकटीत मजकूर होता: 'वाचकहो, अर्थात कुणी असलात तर. इतकी वर्षं लिहितो आहे, या पानावर कुणी फिरकल्याचं दिसत नाही. महिनाअखेरीला नावाची मुदत संपते. पुन्हा पैसे भरणार नाही. लोभ असावा.' सगळ्यात खाली फोन नंबर.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "सुटतंय की मग!"

"तसं लगेच सुटत नाही," मेहुणा म्हणाला. "मुदत संपली तरी मालकाला आणखी काही दिवस मिळतात. त्यातही त्यांनी काही केलं नाही तर नाव मोकळं होतं, आणि मग ज्याचा हात आधी पडेल त्याचं. आपण एका कंपनीकडे नंबर लावून ठेवू. नाव मोकळं झालं की ती आपल्यासाठी झडप घालेल."

"फोन नंबर दिलाय खाली," बायको तिकडून म्हणाली. "फोन करा आणि विचारा, देता का म्हणून."

"काहीतरीच काय! आपल्याला हवंय असं कळलं की भाव चढतो."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

"ताई, या धंद्यात असंच असतं," मेहुणा म्हणाला. त्याला या धंद्यातलं काय ठाऊक होतं देव जाणे, पण माझ्या बाजूनं बोलत होता म्हणून मला शहाणा वाटला. "गुपचूप नजर ठेवायची."

नजर ठेवायची! माझ्यासारख्या माणसाला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं. मी मोबाइलवर ते पान उघडून ठेवलं. सकाळी उठलो की आधी तेच. आहे का अजून? आहे. दात घासून परत. आहे. दुकानात गिऱ्हाईक किल्ली दाखवतंय आणि मी अंगठ्यानं पान खाली ओढून ताजं करतोय. एकदा एक बाई दाराबाहेर अडकल्या होत्या, दार आपोआप लागलेलं, आत गॅसवर दूध. जिन्यात गुडघ्यावर बसून मी तार घातली, लॅच जरा अडून बसलं, तेवढ्यात म्हटलं एकदा बघून घेऊ.

"काका, दूध," बाई म्हणाल्या.

"हो हो."

"काका, करपल्याचा वास येतोय."

दार उघडलं तेव्हा पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. त्या बाई अजून मला ओळख देत नाहीत.

घरात मी सक्त ताकीद दिली होती, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये आणि ती साइट कुणी उघडायचीही नाही. बायकोनं ती फक्त आपल्या बहिणीला सांगितली. बहिणीनं फक्त जावेला. मेहुण्यानं ऑफिसातल्या फक्त चार मित्रांना. आणि 'उघडू नका' असं ज्याला ज्याला सांगितलं त्यानं त्यानं उघडून बघितलं. माणसाचा स्वभावच तसा आहे. माझा धंदा त्याच्यावरच चालतो.

त्यातच पेंटर भेटला. आमच्या भागात गाड्यांवर नावं रंगवणारा तो एकच, आणि तो पुढल्या आठवड्यात लेकीकडे जाणार, परत कधी येईल सांगता येत नाही. माझी पांढरी व्हॅन तशीच कोरी फिरत होती. मी म्हटलं, आत्ताच रंगवून टाक.

"बाजारात तुरी," बायको एवढंच म्हणाली.

"अगं, हातात आल्यातच जमा आहे."

पेंटरनं जीव ओतला. दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर, टपोऱ्या लाल अक्षरात, काळी सावली देऊन: कुलूपकाका डॉट कॉम. समोरच्या फुटपाथवर डिजिटल हाताची घडी घालून बघत होता. मी मुद्दाम व्हॅन त्याच्या दुकानावरून दोनदा नेली. काम नव्हतं काही, नुसती नेली.

आता याचं ज्यांना हसू येतंय त्यांना येऊ दे, पण पुढं काय होणार हे त्या वेळी मला खरंच दिसलं नाही. लोकांनी गाडीवरचं नाव वाचलं आणि ते साइटवर गेले. एक तरुण दुकानात आला, खांद्यावर उन्हानं भाजल्याचे डाग.

"काका, मी काल गच्चीत अडकलो होतो. दार मागून लागलं. तुमच्या साइटवर मदतीसाठी लिहिलं."

मी कानस खाली ठेवली. "मग?"

"तुमचं लगेच उत्तर आलं. फारच सुंदर लिहिता हो तुम्ही. कडी-कोयंड्यापासून लॅचपर्यंतचा सगळा प्रवास. शेवटी म्हटलं होतं की दार हे माणसाला धीर शिकवतं."

"आणि दार?"

"ते शेजाऱ्यानं उघडलं, संध्याकाळी."

मी हात जोडले. तो जाताना म्हणाला, लेखांचं पुस्तक काढा. बायको टेबलामागं खाली वाकून काहीतरी शोधत होती. खांदे हलत होते.

बरं, साइटवरही काहीतरी वेगळंच घडायला लागलं होतं. बंद पडायला निघालेल्या पानावर एक नवा लेख आला. मग आणखी एक. मी वैतागलो. दुकान बंद करणारा माणूस नवा माल कशाला भरतो? मुकाट्यानं आवरावं ना. पण नवा लेख आला की तो वाचणं भाग होतं, न जाणो मुदतीबद्दल काही लिहिलं असेल तर. दुसऱ्या लेखात त्यांनी तिजोरीच्या जुन्या कुलपाबद्दल लिहिलं होतं की किल्ली उलटी फिरवली तर आतल्या पट्ट्या, म्हणजे लिव्हर, अडकून बसतात आणि कुलूप फोडण्यावाचून गत्यंतर नाही.

"साफ चूक!" मी दुकानात ओरडलो.

"तुम्ही वाचताय ते?" बायकोनं विचारलं.

"वाचत नाही. नजर ठेवतोय. पण हे चूक आहे. फोडायचं कशाला? किल्ली अर्धी बाहेर घ्यायची, हलकेच वर उचलायची, लिव्हर आपापल्या जागी बसतात. असलं वाचून लोक चांगली कुलपं फोडत सुटतील."

मला राहवेना. जेवण जाईना. कानस हातात धरवेना. शेवटी पानाच्या तळाशी 'मला लिहा' अशी चौकट होती तिच्यात लिहून टाकलं. नाव दिलं नाही, नुसतं 'एक वाचक'. पाठवल्यावर कुठं जिवाला शांतता मिळाली. चूक दिसली आणि सुधारली नाही असं माझ्या हातून होत नाही. हा गुण समजून मी आजवर मिरवत आलो.

दुसऱ्या दिवशी वरच्या चौकटीतला मजकूर बदललेला! 'एका जाणकार वाचकानं माझी चूक दाखवली. त्यांचे उपकार कसे फेडू? इतक्या वर्षांत मला आलेली ही पहिली दाद.'

मेहुण्याला दाखवलं. तो म्हणाला, "चांगलं आहे. म्हणजे त्यांना संशय आला नाही."

मग त्यानं आणखी एक सोय केली. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर असं काहीतरी बसवलं की दर थोड्या वेळानं ते पान आपोआप उघडायचं, आणि काही बदल दिसला की घंटी वाजायची. "भाऊजी, आता तुम्ही निवांत राहा," म्हणाला. निवांत कसला राहतोय! घंटी वाजली नाही की मला वाटायचं घंटीच बिघडली. मी उठून बघायचो. कॉम्प्युटर बघायचा ते वेगळं, मी बघायचो ते वेगळं, व्हॅन बघून लोक बघायचे ते वेगळं.

महिनाअखेर आली. मी शटर लवकर वर केलं. मेहुणा रजा टाकून आला. बायको म्हणाली, मुदत आज संपते, नाव आज सुटत नाही, मग आज कशाला जमलाय? पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचं अशा दिवशी कुणी ऐकत नाही. आम्ही दोघं पडद्यासमोर आलो. मी खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली. किल्ल्यांची भिंत पुसली. परत पुसली.

"भाऊजी, बसा."

"बसलोय की."

"तुम्ही उभे आहात."

दुपारी मॅनेजरांचा फोन आला. बायकोनं घेतला. "हो... हो का... बरं..." एवढंच बोलली आणि ठेवून दिला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, साइट बघितली. आवडली."

माझा ऊर भरून आला. "कुणाची का असेना, आवडली ना?"

"पुढचं ऐकून घ्या. म्हणाले, साइटवर कामाबद्दल विचारलं होतं आणि तिथून आलेल्या सल्ल्याप्रमाणे आम्ही पुढं गेलोय. आभार."

"कसला सल्ला? मी कुठं दिला?"

तेवढ्यात घंटी वाजली. मेहुण्यानं मान पुढं केली आणि त्याचा चेहरा फ्यूज उडाल्यासारखा झाला. पिवळ्या पानावर नवी चौकट होती. 'नावाचे पैसे भरले आहेत. एका वर्षाचे नव्हे, दहा वर्षांचे. वाचकहो, तुम्हीच मला थांबू दिलं नाहीत.'

मी मटकन खाली बसलो. दिवसभरात पहिल्यांदा.

बायकोनं दुकानाचा फोन उचलून माझ्यापुढं ठेवला. "आता तरी करा. नाव देता का विचारा, विकत द्या म्हणा, भाड्यानं द्या म्हणा. आणि आपल्या नावानं सल्ला काय दिला तेही विचारा."

मी नंबर फिरवला. काय बोलायचं ते मनाशी पक्कं केलं होतं. सरळ, रोखठोक. पलीकडून थरथरता पण उत्साही आवाज आला.

"कुलूपकाका बोलतोय."

हे ऐकून मी क्षणभर गडबडलो. म्हणालो, "नमस्कार. मी तुमचा... एक वाचक. ते लिव्हरबद्दल लिहिलं होतं ना..."

"तुम्ही!" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अहो, तुम्हालाच शोधत होतो मी. अगं ए, त्यांचा फोन आहे, त्या वाचकांचा!" मग परत फोनवर, "बायकोला सांगत होतो. काय सांगू तुम्हाला. मी सगळं गुंडाळलं होतं. कुणी मागितलं असतं तर नाव फुकट देऊन टाकलं असतं."

"फुकट?" मी विचारलं.

"फुकट! माझ्या काय कामाचं होतं? पण मग अचानक लोक यायला लागले. एक जण तर दिवसभर येतो हो. सकाळी, दुपारी, सारखा. पुतण्या म्हणाला, काका, तुमच्या साइटवर एवढं कुणी तरी जीव टाकतंय. आणि ऐका, कुणीतरी स्वतःच्या गाडीवर माझ्या साइटचा पत्ता रंगवून घेतलाय. लाल अक्षरात. मी पुतण्याबरोबर जाऊन लांबून बघून आलो. डोळ्यात पाणी आलं. इतकं तर माझ्या सख्ख्यांनीही केलं नाही माझ्यासाठी."

मी व्हॅनकडे पाठ केली.

"मग एका दुकानदारांचा फोन आला," ते पुढं बोलत होते. "ती गाडी उभी असते त्या बाजूचेच, अंगठ्याची कुलपं विकतात. ती गाडी बघून त्यांनी साइट शोधली. सरळ विचारलं, काका, हे नाव मला देता का? आवडलं मला, आडपडदा नाही. मी म्हटलं, थोडं आधी विचारलं असतंत तर दिलं असतं, आता वाचक आहेत. ते म्हणाले, काही हरकत नाही, लिहीत राहा. सज्जन माणूस. म्हणून मग कुणी कामाचं विचारलं की मी त्यांच्याकडे पाठवतो. परवा एक वसतिगृहवाले साइटवर आले होते, त्यांनाही तेच सांगितलं. मला स्वतःला काम करणारं दुसरं कुणी ठाऊकच नाही."

बायको फोनला कान लावून उभी होती. तिनं नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तिला गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच माझी दया आली असावी. समोर डिजिटलच्या दारात एक टेम्पो उभा राहिला होता आणि मॅनेजर कुलपांची खोकी मोजून घेत होते.

"ऐकताय ना?" म्हातारबाबा म्हणाले. "तुमच्यासारख्या एका माणसासाठी सुद्धा मी दहा वर्षं लिहीन. दहा वर्षं काढीन की नाही ते बघू, पण पैसे भरलेत. बायको मला म्हणते, तुमचा चेहराच बदलला. बरं, मीच बोलत सुटलोय. तुम्ही फोन कशासाठी केला होता?"

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. मेहुण्यानं खुणेनं सांगितलं, बोला, बोला. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. नाव, गाडी, वसतिगृह, डिजिटल. मी श्वास घेतला.

"काही नाही हो," मी म्हणालो. "पुढचा लेख कधी येतोय, तेवढंच विचारायचं होतं."